शांतारामबापूंच्या हिंदी चित्रपटांमागचं सातारा-सांगली

व्ही. शांताराम म्हटलं की कोल्हापूर, पुणे आणि मुंबई ही तीन नावं ओठांवर येतात. ते बरोबरच आहे. जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१ चा. ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था कोल्हापुरात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९४२ पासून पुढचा सगळा संसार मुंबईत परळच्या राजकमल कलामंदिर या स्टुडिओतला. पण त्यांचे जे हिंदी चित्रपट आजही नाव घेऊन सांगितले जातात, त्यांतल्या निदान चारांची कथा आपल्या सातारा-सांगलीच्या माणसांकडून आली आहे, आणि एकाचं तर बीजच आटपाडीच्या माळावरचं आहे. इथल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असायला हवं होतं. ते नसतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

शांतारामबापूंची सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहीत आहे. शिक्षण अर्धवट सुटलं, काही दिवस गंधर्व नाटक मंडळीत आणि हुबळीच्या रेल्वे कारखान्यात गेले. मग मावसभाऊ बाबूराव पेंढारकर त्यांना बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घेऊन गेले. तिथे पडेल ते काम केलं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात सावकाराने नागवलेला तरुण शेतकरी त्यांनी रंगवला. १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला आणि १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामबापू कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ काढली.

बोलपट आला आणि ‘प्रभात’ने एक रीत पाडली, ती महत्त्वाची आहे. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत झाला, तसाच ‘अयोध्या का राजा’ हिंदीतही झाला. एकाच सेटवर एक प्रसंग दोन भाषांत चित्रित व्हायचा. मराठी माणसाने मराठीत विचार करून लिहिलेली गोष्ट थेट लाहोर-दिल्लीच्या प्रेक्षकापुढे जाऊ लागली ती या रीतीमुळे. शांतारामबापूंना हिंदी दिग्दर्शक म्हणावं की मराठी, हा वाद म्हणूनच मला निरर्थक वाटतो. त्यांच्या उमेदीच्या काळात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

या वळणावर ना. ह. आपटे येतात. नारायण हरी आपटे मूळ सांगलीजवळच्या समडोळीचे, राहायला सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला. त्यांच्या कादंबऱ्या त्या काळी घरोघर वाचल्या जात. पुण्यात गेल्यावर ‘प्रभात’ने पहिला चित्रपट केला तो ‘अमृतमंथन’ (१९३४), आणि त्याची कथा आपट्यांच्या ‘भाग्यश्री’वरून घेतलेली. बळी देण्याची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू, असा तो झगडा. हिंदीत चंद्रमोहन राजगुरू झाला होता. पडदाभर पसरलेला त्याचा तो एक डोळा ज्यांनी पाहिला, ते तो विसरत नाहीत.

त्यापुढचा ‘कुंकू’ (१९३७) तर आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेला. हिंदीत तो ‘दुनिया न माने’. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते या दोघांनी हा संघर्ष पेलला. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दारांचे आवाज, घरातली भांडीकुंडी एवढ्यावरच घरातला ताण उभा केला आहे. भिंतीवरचं ते जुनं घड्याळ म्हाताऱ्याचंच दुसरं रूप होऊन बसतं. मला विचाराल तर शांतारामबापूंचं सगळ्यात संयत काम हेच. पुढे त्यांना रंग, नृत्य आणि भव्यतेची ओढ लागली. ‘झनक झनक पायल बाजे’ने ती लोकप्रियही केली, पण ‘कुंकू’तली काटकसर पुन्हा क्वचितच दिसली.

ती पुन्हा दिसली १९५७ मध्ये, ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये. रंगीत यश पदरात असताना शांतारामबापू मुद्दाम कृष्णधवलाकडे वळले. कथा होती ग. दि. माडगूळकरांची.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळ्याचा. शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध इथलं. ही तिन्ही गावं तेव्हा औंध संस्थानात. संस्थान एवढंसं, बहात्तर गावांचं, आणि तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. पण राजा भवानराव पंतप्रतिनिधी माणूस वेगळा होता. सूर्यनमस्कारांचा प्रचारक, स्वतः चित्रकार, औंधचं संग्रहालय उभारणारा. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. ती घडवण्यात राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा हात होता आणि गांधीजींचा सल्ला होता. फ्रीडमन मूळचे पोलंडचे ज्यू अभियंता. बंगळूरची चांगली नोकरी सोडून ते भारतानंद या नावाने इथे रमले.

याच मंडळींनी आटपाडीजवळ एक धाडस केलं. संस्थानच्या तुरुंगातल्या कैद्यांना बेड्यांशिवाय, भिंतींशिवाय माळावर आणून वसवलं. जमीन दिली, बायकापोरांना सोबत राहू दिलं, कष्ट करून जगा म्हणून सांगितलं. वसाहतीचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. माणदेशाचा हा भाग कसा आहे ते पाहिलेल्यालाच यातली जोखीम कळेल. पाऊस बेभरवशाचा, माणगंगा वर्षातले किती महिने कोरडी, जमीन खडकाळ. मुरलेल्या शेतकऱ्याच्या हातूनही जिथे ज्वारी धड पिकायची नाही, तिथे शिक्षा भोगणाऱ्या माणसांवर भरवसा टाकलेला.

गदिमांच्या घरच्या मुलखातली ही गोष्ट, आणि ‘दो आँखें’चं बीज ते हेच. ते १९३८ मध्ये कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त लहानसं काम करून चित्रपटात शिरले होते, आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’पासून राजकमलशी त्यांचं नातं जुळलं होतं. शांतारामबापूंनाही असा विषय परका नव्हता. ‘माणूस’मध्ये त्यांनी वेश्येवर जीव जडलेला पोलीस शिपाई दाखवला होता, ‘धर्मात्मा’त अस्पृश्यतेशी झुंजणारे एकनाथ. समाजाने बाजूला टाकलेल्या माणसाकडे ते पुन्हा पुन्हा वळत होते.

चित्रपटात तरुण जेलर आदिनाथ खुनाच्या गुन्ह्यातले सहा कैदी उजाड जमिनीवर नेतो. जेलर स्वतः शांतारामबापू, त्याचे वरिष्ठ बाबूराव पेंढारकर, म्हणजे ज्यांनी त्यांना या धंद्यात आणलं तेच. संगीत वसंत देसाईंचं. शेवटच्या बैलाच्या झुंजीत शांतारामबापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली आणि काही काळ दृष्टीच गेली. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल जवळून पाहिलेल्या माणसाला तो प्रसंग बघताना अंगावर काटा येतो, कारण बैलाची धडक काय असते हे त्याला माहीत असतं. बरं झाल्यावर त्यांनी ‘नवरंग’ (१९५९) केला, त्याचीही कथा गदिमांचीच. ‘दो आँखें’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. हे कौतुक होत होतं तेव्हा आटपाडी ज्या जिल्ह्यात होती, त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं.

एक फरक मात्र सांगायलाच हवा. चित्रपटात सारा भार एका माणसाच्या चांगुलपणावर आहे. जेलर जातो तेव्हा त्याचे डोळे कैद्यांवर पहारा देतात. स्वतंत्रपुरात तसं नव्हतं. तिथे कैद्याला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याची जमीन आणि त्याचा संसार, आणि त्यामागे आख्ख्या संस्थानाचं धोरण. चित्रपटाला नायक लागतो, म्हणून हा बदल समजण्यासारखा आहे. पण मूळची कल्पना मला जास्त मोठी वाटते, कारण ती कुणा एकाच्या मरणाने संपत नाही. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजा गेला, फ्रीडमन गेले. वसाहत राहिली. ती आता राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे, आणि निवडलेले कैदी आपल्या कुटुंबासह तिथे राहून शेती कसतात.