ग्राम आरोग्यसेवक

ग्राम आरोग्यसेवक : गावातच राहणारी, अल्पकाळ प्रशिक्षण घेऊन प्राथमिक आरोग्यसेवा देणारी व्यक्ती, बहुधा स्त्री. डॉक्टर व रुग्णालये शहरांत एकवटलेल्या देशांत ही पद्धत विशेष रुजली.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक रशियातील फेल्डशर या अर्धवैद्यकांकडे बोट दाखवतात. १८६४ नंतर झेम्स्त्वो या स्थानिक संस्थांनी त्यांना खेड्यांत नेमले. परंतु फेल्डशर हा पगारी नोकर असे, गावकऱ्यांनी आपल्यातून पुढे केलेला माणूस नव्हे. त्यामुळे चीनमधील डिंगश्येन येथील प्रयोगाला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. साधारणतः १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉ. चन जिच्येन यांनी तेथील शेतकऱ्यांना देवीची लस टोचणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, विहिरी निर्जंतुक करणे व किरकोळ उपचार शिकवले. जपानी आक्रमणाने (१९३७) हे काम खुंटले. १९६८ पासून गाजलेले ‘अनवाणी डॉक्टर’, म्हणजे अल्प प्रशिक्षण घेऊन गावात उपचार करणारे शेतकरी, हे त्याचेच पुढचे रूप म्हणावे, तर त्यामागे माओंचा १९६५ चा खेड्यांकडे वळण्याचा आदेशही होता.

भारतात ही कल्पना चीनमधून आली, हा समज तपासून घ्यावा लागतो. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती मुंबईच्या हाफकिन संस्थेचे साहिबसिंग सोखी यांच्या अध्यक्षतेखाली होती. दर हजार वस्तीमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ता असावा, असे तिने स्वातंत्र्यापूर्वीच सुचवले होते. ब्रिटिश सरकारने आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने (१९४६) मात्र पूर्ण शिक्षित डॉक्टरांवर भर दिला. हजारी एक कार्यकर्त्याची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झाली, तोवर रजनीकांत व मेबल आरोळे यांचे जामखेड (१९७०) येथील काम उभे राहिले होते.

१९७८ साली अल्माअता (तत्कालीन सोव्हिएत संघ) येथे भरलेल्या प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेने या पद्धतीला जागतिक मान्यता दिली. पद्धतीच्या परिणामांचा भक्कम पुरावा गडचिरोलीतून आला. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील आरोग्यदूतांना गुदमरलेल्या नवजाताला श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला (१९९९ मध्ये प्रसिद्ध).

इथिओपियात २००३ पासून अशा स्त्रिया सरकारी पगारावर आहेत. भारतातील ‘आशा’ (२००५) स्वयंसेविका गणल्या जातात व त्यांना मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो.