वायर बसतेय की हँगर वाकलाय?

नव्या रोड बाइकच्या मागच्या चाकापाशी टकटक सुरू झाली की कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘नवीन आहे ना, गिअरची वायर बसायची आहे अजून.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण हुबेहूब तसाच आवाज हँगर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा) वाकल्यावर येतो, आणि तो वायरच्या नावावर खपून जातो. मग दुकानात नेली की मेकॅनिक बॅरल, म्हणजे वायरचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू, थोडा पिळतो, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा टकटक.

आधी एवढं बघून घ्या की आवाज खरोखर मागून, गिअरमधूनच येतोय. पॅडल मारणं थांबवल्यावर आवाज थांबला पाहिजे. पुढची मोठी चकती आणि मागचीही सगळ्यात मोठी, अशी चेन तिरकी लावली असेल तर थोडी कुरकुर होणारच. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला चेन घासत असेल तर तो वेगळा विषय.

एवढ्याशा फरकाने इतका आवाज का होतो? शिमानो कंपनीने १९८४ साली ड्युरा-एस या आपल्या रेसिंग गिअरसंचात एका क्लिकला एक गिअर ही पद्धत आणली. तेव्हापासून डिरेलर नेमका कुठे थांबायचा हे हँडलवरचा शिफ्टर ठरवतो, तुमचा हात नाही. शिफ्टर मोजून तेवढीच वायर ओढतो आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे असं धरून चालतो. ८ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचात, एका चकतीपासून दुसरीचं अंतर सुमारे ४.८ मिलिमीटर असायचं. ११ गिअरमध्ये ते ३.७च्या आसपास आलं. म्हणजे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चेन शेजारच्या चकतीला खेटते आणि बोलायला लागते.

आता वायर. ‘वायर ताणली’ असं सगळे म्हणतात, पण स्टीलची वायर अशी फारशी ताणली जात नाही. आऊटरची (वायरवरच्या नळीची) टोकं आपापल्या टोप्यांमध्ये घट्ट बसतात, वायर पकडणाऱ्या स्क्रूखाली ती किंचित सरकते, आणि परिणामी वायर सैल पडते. हे पहिल्या काही राइडमध्येच होतं, हळूहळू होतं. सैल वायरमुळे डिरेलर प्रत्येक गिअरमध्ये आत यायला थोडा कमी पडतो, बाहेरच्या बाजूलाच राहतो. म्हणून हलका गिअर टाकताना, म्हणजे छोट्या चकतीवरून मोठीवर जाताना, चेन अडखळते. उलट दिशेला मात्र पटकन उतरते. सगळ्यात छोट्या चकतीवर आवाज नसतो, कारण तिथे डिरेलरला हाय स्क्रू, म्हणजे बाहेरची हद्द ठरवणारा स्क्रू, थांबवतो, वायर नाही. ओळखीची खूण: त्या चकतीवरून एक क्लिक द्या. चेन चढलीच नाही, किंवा खडखडत उशिरा चढली, तर संशय वायरवर.

हँगर म्हणजे फ्रेमला मागे उजवीकडे लावलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा, ज्यावर डिरेलर लटकतो. तो मुद्दाम मऊ असतो. धक्का बसला तर तो वाकावा किंवा तुटावा, फ्रेम वाचावी, अशी त्याची नेमणूक आहे. आणि नवी सायकल म्हणजे न पडलेली सायकल असं नसतं. ती खोक्यातून आलेली असते, ट्रकमध्ये कुठल्या बाजूवर झोपवली होती देव जाणे, आणि उजवीकडे सगळ्यात बाहेर आलेला भाग हा डिरेलरच. शोरूममध्ये शेजारची सायकल तिच्यावर कलंडली तरी पुरतं.

हँगर बहुधा आत, चाकाकडे वाकतो. मग डिरेलरचा वरचा भाग जागेवर असला तरी त्याची खालची पुली (चेन जिच्यावरून फिरते ते छोटं दातेरी चाक) स्पोकच्या बाजूला गेलेली असते. सगळा डिरेलरच तिरका सरकू लागतो, त्यामुळे चूक प्रत्येक गिअरला सारखी राहत नाही. दोन्ही दुखण्यांतला खरा भेद हाच, आणि तो तपासायला अवजार लागत नाही.

सायकल स्टँडवर लावा, नाहीतर कुणाला तरी सीट धरून मागचं चाक उचलायला सांगा. चेन छोट्याकडून दुसऱ्या चकतीवर घ्या. वायर डिरेलरमध्ये शिरते तिथला बॅरल, मागून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, पाव-पाव फेरा फिरवत आवाज बंद करा. आता एकेक क्लिक देत वर चढा. सगळे गिअर गप्प, तर वायरच होती आणि काम झालंसुद्धा. खालचे गिअर गप्प पण वरच्या तीन-चार मोठ्या चकत्यांवर टकटक, आणि त्या गप्प केल्या की खालच्या बोलतात, असं असेल तर बॅरल सोडा. हँगर बघा. सायकलच्या मागे उकिडवं बसून, डोळे कॅसेटच्या उंचीला आणून पाहा: दोन्ही पुल्या चकतीच्या खाली एका सरळ उभ्या रेषेत हव्यात. वाकण जास्त असेल तर डोळ्यालाच दिसतं. पण पीळ पडला असेल तर नजर फसते, तिथे गेजच (हँगर सरळ आहे का हे मोजायचं अवजार) लागतो.

गेज हँगरच्या भोकात फिरवून बसवतात आणि रिमपासूनचं अंतर चारही बाजूंना मोजतात. पार्क टूल या सायकल-अवजारांच्या कंपनीच्या हिशेबाने फरक ४ मिलिमीटरच्या आत हवा. चांगल्या दुकानात हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे, तेव्हा ‘हँगर गेजने बघा’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर पुन्हा बॅरलच पिळला जाईल.

हे पुढे ढकलण्यासारखं मात्र नाही. सैल वायरीचा त्रास फार तर चिडचिडीचा. आत वाकलेला हँगर घेऊन सिंहगडाच्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाकलात, तर डिरेलरचा पुल्या धरणारा पिंजरा स्पोकमध्ये जाऊ शकतो. मग डिरेलर, हँगर आणि चार-दोन स्पोक एकदमच जातात. संशय असेपर्यंत सगळ्यात मोठ्या चकतीवर जाऊच नका.

एक तिसरा चोरही आहे. मोठ्या चकतीवर चेन छान चढते, पण छोट्यावर उतरायला रेंगाळते, आणि वायर थोडी सैल करूनही रेंगाळतेच? मग आऊटर कुठेतरी दुमडलाय किंवा टोकाला वाईट कापलाय, वायर आत अडकतेय. हँडलबारमधून वायरी नेणाऱ्या नव्या फ्रेममध्ये हे बरंच दिसतं. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर काम सोपं: तिथे बसायला वायरच नाही. डिरेलर नीट जुळवूनही काही गिअर बोलत राहिले, तर सरळ हँगरपासून सुरुवात करा.

नव्या सायकलवर हँगर वाकलेला निघाला तर पहिल्याच आठवड्यात दुकानदाराला दाखवा. नंतर ‘तुम्हीच पाडली असेल’ हे ऐकावं लागतं. थोडा वाकलेला सरळ करता येतो, पण अ‍ॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकवलं की कमजोर होतं. स्रॅम या गिअर बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये सगळ्या फ्रेमना चालावा असा एकच हँगर आणला, तरी बऱ्याच रोड बाइकचा हँगर अजून त्या-त्या मॉडेलचाच असतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या आणि पंक्चरच्या सामानाबरोबर सीटखालच्या पिशवीत टाका.