मिरचीने हात भगभगतात तेव्हा

नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, दिवसभर मिरची खुडून आलेल्या मावशी आमच्या तेलघाण्यावर येतात आणि दोन्ही हात पुढे करतात. ना फोड, ना चीर, तरी रात्रभर आग. "भाऊ, यावर काही द्या." दरवेळी तोंडी सांगतो, या वर्षी छापूनच घेतलं.

कातडीत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात आणि त्यांच्यावर प्रथिनांची इवली दारं. त्यातलं एक साधारण ४३ अंशांना उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि मेंदूला निरोप जातो: भाजतंय! मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं हेच दार उघडतं. हात तापलेला नसतो, पण निरोप तोच जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली मिरचीच्याच मदतीने हे दार शोधलं. २०२१ साली त्यांना आणि स्पर्शाचं दार शोधणारे आर्डेम पातापुटियन यांना मिळून नोबेल मिळालं. (पोपटाच्या दाराला ही किल्ली लागत नाही, म्हणून तो मिटक्या मारत मिरची खातो.)

कॅप्सेसिन लागल्यावर हे दार कमी उष्णतेलाही उघडतं. म्हणून गरम पाण्याने हात धुतले की आग वाढते. नुसतं गार पाणीही पुरत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी दोन चमचे तेल बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना चोळा, कोरड्या फडक्याने पुसा, मग साबण आणि गार पाणी. पुन्हा एकदा तसंच करा. घरचं शेंगदाण्याचं तेल चालतं, आमचीच बाटली हवी असं नाही. तोवर डोळ्यांना हात नको.

आमच्या पुदिन्याच्या मलमाचंही खरं सांगतो. मेन्थॉल गारव्याचं दार उघडतं, हात काही गार होत नाही. बरं वाटतं, एवढंच.

राखेने किंवा दगडाने हात घासू नका. कातडी किंचित आम्लधर्मी असते, साबण अल्कधर्मी, आमचाही. सारखा लावला की वरचा थर कोरडा पडून भेगा पडतात आणि मिरची आणखी आत जाते. पथारीवर हातमोजे घाला. फोड आले किंवा डोळ्याची आग थांबेना, तर मलम शोधत बसू नका, डॉक्टरकडे जा.

रिकामी बाटली धुऊन, पूर्ण वाळवून आणा. ओली असली तर तेल खवट होतं आणि बोलणी आम्हाला बसतात.