गोधडीच्या पोटातले कापड

महाराष्ट्रातील घरगुती गोधडीकामाविषयी बोलणे निघाले की ते बहुतेक वेळा रंगांची जुळणी, ठिगळांची मांडणी आणि हाताची शिवण चांगली की मशीनची, या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहते. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. परंतु गेल्या चार-पाच दशकांत या कामाचे स्वरूप ज्याने मुळापासून बदलले, तो प्रश्न वेगळा आहे: गोधडीच्या पोटात कोणते कापड घालायचे? कोल्हापूर-सांगलीकडच्या वाकळेलाही हा प्रश्न तितकाच लागू आहे. हौसेने, नेमाने आणि घरच्यांसाठी गोधडी शिवणाऱ्या बाईच्या सवयी, तिचा आनंद आणि तिची कुरकुर या साऱ्यांची मुळे त्या प्रश्नात आहेत.

फाटके सांधून पांघरण्याची रीत किती जुनी, याच्या खोलात जाण्याचे येथे कारण नाही. जेथे कापड महाग तेथे ती असणारच. विरक्तांच्या अंगावरील कंथा हा तिचाच एक प्रकार होता, आणि विसाव्या शतकात हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या वऱ्हाडातील संताला लोकांनी त्याच्या ठिगळांच्या वस्त्रावरून गोधडेबुवा म्हटले, ते याच परंपरेला धरून. कर्नाटकातील कौदी, बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी ही या घराण्यातील इतर नावे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया जी कवंदी शिवतात, ती एका कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेने आत येते, आणि मधले शेवटचे तोंड बंद करण्याआधी तिच्या पोटात तांदळाचे चार दाणे ठेवण्याची चाल आहे. आपल्याकडची जुनी शिवणही अशीच कडेकडून आत, चौकटीत चौकट घेत मध्यावर येते. या पद्धतीत कापडाचा सगळा झोळ मध्याकडे ढकलला जातो. म्हणून आधी मोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावे लागतात, आणि एवढे करूनही जिची गोधडी मध्यभागी फुगत नाही, तिचा हात चांगला असे मानले जाते.

खऱ्या अर्थाने ज्या काळाविषयी खात्रीने बोलता येते तो गिरणीच्या कापडाचा. मुंबईत पहिली सुती गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली, पुढे मागांचे आणि गिरण्यांचे सुती कापड खेड्यापाड्यात पोहोचले, आणि धोतर व नऊवारी लुगडे ही गोधडीची दोन मोठी भांडारे ठरली. लुगड्याचे गणित येथे नीट पाहण्यासारखे आहे, कारण जुन्या गोधडीचा आकार त्यातूनच ठरला. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. हे लुगडे आडवे फाडून चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा लांब निघतो, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरून पायाशी दुमडायला थोडा उरतो. असे दोन तुकडे काठाला काठ लावून शेजारी जोडले की दोन माणसांच्या रुंदीचा एक थर झाला. एका लुगड्याचे असे दोन थर, आणि दोन लुगड्यांत चार थरांची भरदार गोधडी. कात्री लावण्याचे काम फार थोडे, वाया काहीच जात नाही. मधल्या थरांत जेथे विरलेले असेल तेथे धोतराचे पान किंवा सदऱ्याची पाठ घालून ती जागा भरून काढायची.

जुनेर या कामाला नव्या कापडापेक्षा चांगले ठरते, याचीही कारणे आहेत. अनेकदा धुतलेल्या सुती लुगड्यातील खळ गेलेली असते, आटायचे तेवढे ते आटून झालेले असते, आणि तंतू मऊ पडल्यामुळे सुई चार-पाच थरांतून अडखळत नाही. नवे कापड न धुता पोटात घातले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचा थर सुरकुततो. म्हणूनच ज्या घरात गोधडीची हौस होती, तेथे जुने लुगडे टाकून दिले जात नसे. ते धुऊन, काठ वेगळे काढून, गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवले जाई. त्यातले सर्वांत मऊ ते तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी राखून ठेवायचे, इरकली काठ किनारीला लावायचे आणि रंग गेलेले सगळे पोटात घालायचे. ही वर्गवारी आजही अनेक घरांत तशीच चालते.

कामाचा काळही ठरलेला असे. सुगी आटोपून धान्य घरात आले की पावसाळ्यापर्यंतच्या दुपारी या शिवणीच्या. अंगणात किंवा सोप्यात थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणून घ्यायचे, शेजारणींनी एकेका बाजूला बसून धावदोरा धरायचा, आणि बोलता बोलता ओळ वाकडी गेली तर ती उसवायची की तशीच राहू द्यायची यावर प्रेमाने हुज्जत घालायची. दुसरा ठरलेला दिवस धुण्याचा. घटस्थापनेआधी घरातील सगळ्या वाकळा नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुणे हे घरस्वच्छतेतले सर्वांत कष्टाचे काम होते, कारण भिजलेली सुती गोधडी एका बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून ती पिळावी लागते. पुढील वादात या ओझ्याला मोठे वजन आहे, म्हणून ते येथेच नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कापड आणि सूत यांवर सरकारी नियंत्रण आले. अंगावरचेच लुगडे दंड घालघालून, म्हणजे विरलेला भाग काढून उरलेले सांधून, नेसायची वेळ आल्यावर गोधडीसाठी जुनेर उरणे कठीण झाले. त्या पिढीतील गोधड्यांमध्ये आतले थर अगदी लहान चिंध्यांचे आढळतात ते यामुळे. स्वातंत्र्यानंतर टंचाई हळूहळू ओसरली आणि १९६० च्या दशकात नायलॉनची साडी शहरांतून दिसू लागली. त्याच सुमारास जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणी मध्यमवर्गीय दारांत नेहमीच्या झाल्या. भांड्याचा मोह मोठा होता, आणि शहरातील घरांचे गाठोडे माळ्यावर जाण्याऐवजी दारातूनच परस्पर जाऊ लागले. ग्रामीण भागात मात्र सुती लुगडे अजून टिकून होते.

ते कशामुळे गेले, याचे उत्तर फॅशनमध्ये शोधण्याची सवय आहे. माझ्या मते त्यात जून १९८५ च्या केंद्रीय वस्त्रधोरणाचा वाटा फार मोठा आहे, आणि गोधडीच्या संदर्भात त्याचा विचार जवळजवळ कोणी करत नाही. तोवर कृत्रिम धागा ही चैनीची वस्तू समजून त्यावर जबर कर होता. नव्या धोरणाने गिरण्यांना सूत आणि कृत्रिम धागा यांपैकी हवा तो, हव्या त्या प्रमाणात वापरण्याची मुभा दिली, कृत्रिम धाग्यावरील करांचा भार कमी करण्याची दिशा धरली, आणि सरकारने ठरवलेल्या भावाच्या स्वस्त ‘कंट्रोलच्या’ कापडाची जबाबदारी गिरण्यांकडून काढून टप्प्याटप्प्याने हातमागाकडे सोपवायचे ठरवले. धोरणाच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद पोकळ नव्हता. पॉलिस्टर मिश्रित कापड सुतीपेक्षा कितीतरी अधिक टिकते, म्हणून वर्षाकाठी कमी कपडे घेऊ शकणाऱ्या कुटुंबाला तेच परवडते, असे सांगितले गेले. विरोधकांचे म्हणणे होते की यात कापूस पिकवणारा शेतकरी आणि हातमाग विणकर दोघेही मागे पडतील. हातमागासाठी कापडाचे काही प्रकार राखून ठेवणारा कायदाही त्याच वर्षी झाला. त्यात सुरुवातीला २२ प्रकार होते आणि १९९६ मध्ये ते ११ वर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि त्यानंतर अनेक गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, हेही या बदलाच्या पाठीशी होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सुरतेची छापील सिंथेटिक साडी आठवडी बाजारापर्यंत पोहोचली आणि शेतावर जाणाऱ्या बाईच्या अंगावरही तीच आली.

गोधडी शिवणारीला हा बदल उशिरा कळला, कारण तिच्याकडे कापड येते ते नेसून झाल्यावर. १९९० च्या दशकात गाठोडी उघडली तेव्हा त्यांत सुळसुळीत साड्याच अधिक निघू लागल्या, आणि तेव्हापासून आजतागायत एक वाद चालू आहे: सिंथेटिक साडीची गोधडी ही गोधडी म्हणावी का? सुतीच्या बाजूचे म्हणणे अंगाच्या अनुभवावर उभे आहे आणि त्याला मोजमापाचा आधार आहे. कापसाचा धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सात ते साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम शोषला जात नाही, उन्हाळ्यात अशी गोधडी अंगाला चिकटते, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर सुती कापड जळते तेथे हे वितळते. शिवतानाही थर एकमेकांवरून सरकतात, कच्चे टाके दुप्पट घालावे लागतात, आणि सुती दोऱ्याने शिवले तर कापडाआधी दोरा झिजतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मात्र नदीवर गोधड्या धुतलेल्या बायकांचे आहे, आणि ते हलके घेण्यासारखे नाही. सिंथेटिक साडीची गोधडी पाणी धरत नाही, एकटीला पिळता येते, भाद्रपदाच्या ढगाळ हवेतही दुपारपर्यंत वाळते, रंग सोडत नाही आणि विरत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओल्या वाकळेने कंबरदुखी दिली, त्यांनी हलक्या गोधडीला पसंती दिली तर त्यांना परंपरा सोडल्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे आहे. तरीही पांघरणाचे पहिले काम अंगाला ऊब आणि कोरडेपणा देणे हेच असल्यामुळे, अंगाकडील थर तरी सुती असावा, हा आग्रह मला योग्य वाटतो. बहुतेक अनुभवी शिवणाऱ्या स्त्रियांनी न बोलता हाच मार्ग काढला आहे: वर दिसायला रंगीत सिंथेटिक, खाली अंगाला सुती, मध्ये घरात असेल ते, आणि शिवायला पॉलिस्टरचा दोरा.

कापडाबरोबर गणितही बिघडले. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. तिचे दोन मीटरचे दोन तुकडे काढले की एक थर होतो आणि दीड मीटर उरतो. त्या उरलेल्याचे करायचे काय? पंजाबी ड्रेस, गाऊन आणि टी-शर्ट यांतून तर सलग लांब पान मिळतच नाही. त्यामुळे पूर्वी मुख्यतः पोटात लपणारी चिंधी आता वर आली, आणि ठिगळे चौकोनांत, त्रिकोणांत, पट्ट्यांत मांडण्याची कला घरोघरी फुलली. आजच्या हौशी गोधडीकारणीचा निम्मा आनंद या मांडणीत आहे. चिंध्या रंगावारी लावून ठेवायच्या, जमिनीवर मांडून दुरून पाहायच्या, एक तुकडा काढून दुसरा ठेवायचा, आणि थोरल्या मुलीच्या परकराचे कापड नेमके मध्यावर यावे म्हणून सगळी रचना मोडून पुन्हा करायची. बोटाला अंगुस्तान चढवून सुई हाती घेण्याआधीच यात दिवस जातात, आणि ते वाया गेले असे कोणीही मानत नाही.

बचत गटांनी आणि शहरांतील विक्री-प्रदर्शनांनी यात नव्या कापडाची भर घातली. सुट्या ताग्यांतून कापलेले नवे सुती कापड, मशीनची टीप आणि ठरावीक माप यांमुळे गोधडी विकण्याजोगी झाली, आणि अनेक घरांत तिच्यावर चार पैसे आले, ही जमेची बाजू. हाताचा धावदोरा मात्र त्या किमतीत क्वचितच बसतो. महिनाभर दुपारी शिवलेल्या गोधडीला मशीनच्या गोधडीच्या दीडपट दाम मागितला तरी गिऱ्हाईक बिचकते, आणि त्याच गिऱ्हाइकाला भिंतीवर टांगलेल्या परदेशी क्विल्टचे मोल पटते, हे खटकते. याच्या उलट, आई किंवा आजी गेल्यावर तिच्या साड्या घेऊन येणारी आणि त्यांचीच गोधडी शिवून मागणारी माणसे वाढली आहेत. त्यांत परदेशी स्थायिक झालेली मुले-मुलीही असतात. अशा कामात सुती की सिंथेटिक हा वाद मागे पडतो, कारण कापड निवडण्याचा अधिकार शिवणारीकडे नसतो. आलेल्या गाठोड्यात एखादे सुती लुगडे निघाले तर ते अंगाकडच्या थराला लावायचे, आणि न निघाल्यास घरच्या लोकांना विचारून त्यासाठी जुनी सुती चादर मागून घ्यायची, अशी रीत आता पडत चालली आहे.