व्होल्टमध्ये मोजलेला निळा

रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर वाळू जागोजागी काळी दिसते. हा काळेपणा इल्मेनाइटचा, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचा. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या एका ओढ्यातल्या अशाच काळ्या वाळूत १७९१ साली विल्यम ग्रेगर या धर्मगुरूला नव्या धातूचा, म्हणजे टायटॅनियमचा, सुगावा लागला. शुद्ध धातू हाती यायला मात्र १९१० उजाडलं. पुढे तो जेट इंजिनांत गेला, मोडलेल्या हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांत गेला, आणि १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या एडवर्ड डी लार्ज यांच्यासारख्या दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या हाती आला.

मूळचा हा धातू करडा. कारागिरांना भुरळ पडली ती त्यावर उमटणाऱ्या रंगांची, आणि ते ज्या रीतीने उमटतात ती रीत मला फार सुंदर वाटते. सोडा विरघळवलेल्या पाण्यात दागिना बुडवायचा, त्याला विजेचं धन टोक जोडायचं आणि व्होल्टेज हळूहळू चढवायचं. वीस व्होल्टच्या आसपास जांभळट-निळा, तिशीत आकाशी, साठीकडे पिवळा, मग गुलाबी, शंभरीजवळ हिरवा. पाण्यात रंगाचा थेंबही नसतो. धातूवर चढत असतो तो त्याच्याच ऑक्साइडचा पारदर्शक थर. थोडा प्रकाश या थराच्या वरच्या बाजूवरून परततो, थोडा आत शिरून खालच्या धातूवरून. परतलेल्या लाटा एकत्र आल्या की थराच्या जाडीप्रमाणे काही रंग विझतात, काही उजळतात. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसतात ते रंगही असेच. फक्त इथे जाडी माणसाच्या ताब्यात असते, तीही नॅनोमीटरमध्ये. केसाची जाडी असते सुमारे ८०,००० नॅनोमीटर. हा थर तीस-चाळीस ते दोन-अडीचशे नॅनोमीटरचा.

हा ताबा मिळतो कसा? थर वाढतो तसा तो विजेलाच अडवू लागतो, आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. जास्त जाडी हवी तर जास्त व्होल्टेज द्यावंच लागतं. म्हणजे चाळीस व्होल्टला कितीही वेळ ठेवा, रंग चाळिसाचाच राहतो. कुंकवासारखा लाल मात्र काही केल्या येत नाही. त्यासाठी लाल सोडून बाकी सगळे रंग विझायला हवेत, आणि एकट्या थराला तेवढं जमत नाही. (ॲल्युमिनियमच्या रंगीत बाटल्यांची गोष्ट वेगळी. तिथे ऑक्साइडच्या सच्छिद्र थरात खराखुरा रंग भरलेला असतो.)

सोनाराची फुंकणी इथे कामाची नाही. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं, डाख त्याला धरत नाही. म्हणून तुकडे रिवेटने, आट्यांनी जोडतात, नाहीतर आर्गॉन वायूच्या आवरणात लेसरने. पण वजन पाहा: एक घनसेंटिमीटर सोनं १९.३ ग्रॅम, टायटॅनियम साडेचार. झुमक्यांचा भार केसांवर घ्यायला आपल्याकडे वेल लावतात. टायटॅनियमच्या तेवढ्याच झुमक्याला त्याची गरज पडू नये. हाँगकाँगचे वॉलेस चॅन तळहाताएवढे रत्नजडित ब्रोच घडवू शकतात तेही या हलकेपणामुळेच. निकेलने ज्यांचे कान चिघळतात त्यांनाही शुद्ध टायटॅनियम सहसा सोसतं.

अंगठीवरचा रंग घासून जातो, कर्णफुलांवरचा वर्षानुवर्षं टिकतो. बोटाच्या तेलाने निळा मळकट दिसू लागला तर घाबरू नये. तेलाचा थर प्रकाशाचं परतणं बदलतो, एवढंच. साबणाने धुतला की निळा परत येतो. खरोखरच झिजला असेल तर जुना थर काढून दागिना पुन्हा सोड्याच्या पाण्यात सोडतात, आणि या वेळी हवा तर पिवळा मागतात.