स्त्रियांचे आर्थिक सक्षमीकरण व गर्भकालीन सेवा

कमाई, मालमत्ता, बचत व कर्ज यांवर स्त्रीचा ताबा किती, याचा गरोदरपणातील तपासण्या आणि सुरक्षित प्रसूती तिच्या वाट्याला येण्याशी असलेला संबंध. सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्याशास्त्र आणि कुटुंबाचे अर्थशास्त्र या तिन्ही शाखांत त्याचा विचार होतो.

‘सक्षमीकरण’ या संज्ञेच्या व्याप्तीविषयी एकमत नाही. अर्थतज्ज्ञ नैला कबीर यांनी 1999 मध्ये साधने, कर्तृत्व (स्वतः ठरवून तसे वागण्याची क्षमता) आणि फलित अशी तिची फोड केली. साधन हाती असणे वेगळे आणि त्याचे काय करायचे हे ठरवता येणे वेगळे, हा भेद येथे कळीचा आहे. कारण पगार जसाच्या तसा सासरच्यांच्या हाती देणारी स्त्रीही रोजगाराच्या आकडेवारीत ‘कमावती’च ठरते. मोजमापाचा पेचही यातूनच येतो. 1984 मध्ये सुरू झालेल्या, अनेक विकसनशील देशांत घेतलेल्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांच्या (डीएचएस) प्रश्नावलीत पुढे स्त्रीच्या कमाईचा विनियोग आणि तिचे औषधपाणी कोण ठरवते, हे प्रश्न आले. ‘दोघे मिळून’ हे उत्तर काही अभ्यासक स्त्रीच्या बाजूने धरतात, तर काही केवळ ‘मी स्वतः’ हेच ग्राह्य मानतात. नवरा कामासाठी परगावी असल्यामुळेही स्त्रीला एकटीने निर्णय घ्यावा लागतो, हे पाहता पहिली पद्धत अधिक सयुक्तिक वाटते.

कुटुंबाचा पैसा एकाच थैलीतला मानणारे जुने प्रतिमान (मॉडेल) 1980 नंतर वाटाघाटींच्या, म्हणजे खर्चाचा निर्णय नवरा-बायकोच्या आपापल्या बळावर ठरतो असे मानणाऱ्या, प्रतिमानांपुढे मागे पडले. अर्थतज्ज्ञ डंकन थॉमस यांनी 1990 मध्ये ब्राझीलच्या आकडेवारीवरून आईच्या हातातील बिगर-श्रम (कामाच्या मोबदल्याखेरीजच्या) उत्पन्नाचा मुलांच्या आरोग्यावरील परिणाम वडिलांच्या तशाच उत्पन्नापेक्षा मोठा असल्याचे दाखवले. हा पुरावा मुलांविषयीचा आहे. गर्भकालीन सेवेला तो अनुमानानेच लावला जातो.

सेवेपर्यंत पोहोचण्यातील अडथळ्यांसाठी थॅडियस व मेन यांची ‘तीन विलंबां’ची मांडणी (1994) वापरतात : निर्णयाला, पोहोचायला आणि तेथे उपचार मिळायला होणारा विलंब. मुळात ती तातडीच्या प्रसूतिसेवेपुरती होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये तपासणीभेटींची किमान संख्या चारवरून आठ केली. पहिली भेट 12 आठवड्यांच्या आत अपेक्षित आहे. तोवर पोट दिसत नाही. गाडीभाडे मागून घ्यावे लागणाऱ्या स्त्रीला त्याआधी दिवस गेल्याचे घरात सांगावे लागते. गाठीला चार पैसे असलेली सांगण्याआधीच जाऊन येऊ शकते.

नुसत्या रोजगाराचा परिणाम मात्र उलटाही होतो. रोजंदारीवरील स्त्रीसाठी तपासणी मोफत असली तरी आठ भेटी म्हणजे आठ खाडे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 च्या मातृत्व संरक्षण करारात (क्र. 183) किमान 14 आठवड्यांची रजा आहे, तपासणीसाठी काम सोडून जाण्याची मुभा मात्र सोबतच्या, बंधनकारक नसलेल्या शिफारशीत येते.

बहुतेक अभ्यास एकाच वेळच्या पाहणीवर आधारलेले असल्याने शिक्षण व घरची सुबत्ता यांचा प्रभाव वेगळा काढणे अवघड जाते. तिसऱ्या विलंबावर स्त्रीच्या कमाईचा फारसा इलाज चालत नाही : दवाखान्यात रक्त किंवा भूलतज्ज्ञ नसेल, तर पदरच्या पैशाने फार तर पुढच्या गावची गाडी करता येते.