डिझाईन-बिल्ड करार

बांधकामाचे संकल्पचित्र करणे आणि ते प्रत्यक्ष उभे करणे, या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच ठेकेदाराकडे देणाऱ्या कराराला डिझाईन-बिल्ड करार म्हणतात. रूढ पद्धतीत मालक आधी वास्तुविशारदाकडून व स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशे करून घेतो आणि मग निविदा मागवतो. पुढे बीमला तडा गेला, तर ठेकेदार नकाशाकडे बोट दाखवतो, इंजिनिअर काँक्रीटच्या दर्जाकडे, आणि भुर्दंड मालकाला बसतो. डिझाईन-बिल्डमध्ये जाब विचारायला एकच पक्ष असतो. शिवाय सगळे नकाशे पुरे होण्याआधी पायाचे काम काढता येते.

'टर्नकी' (मालकाने फक्त किल्ली फिरवून वापर सुरू करायचा) आणि 'ईपीसी' (डिझाईन, खरेदी, बांधकाम एकाच हाती) हे याच कुळातले करार. 'फिडिक' या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या नमुना करारांत लाल पुस्तक मालकाने दिलेल्या डिझाईनसाठी, पिवळे ठेकेदाराच्या डिझाईनसाठी आणि चंदेरी ईपीसीसाठी आहे. पिवळ्या पुस्तकाची खरी धार एका अटीत आहे: पूर्ण झालेले काम ठरलेल्या उपयोगाला उतरले पाहिजे. सल्लागार इंजिनिअरने वाजवी काळजी घेतली की त्याची जबाबदारी सहसा संपते. इथे ठेकेदाराची तेवढ्याने संपत नाही.

कोल्हापूरचा नवा राजवाडा रूढ, विभागलेल्या पद्धतीत बसतो. त्याचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांचे. मँट १८८१ मध्ये वारले, तरी काम पुढे चालून १८८४ मध्ये पुरे झाले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यालाही डिझाईन-बिल्डची फारशी गरज नाही. दगडी खांब, मधल्या गाळ्यांत बरगे (काढ-घाल करता येणाऱ्या फळ्या), पावसाळ्याआधी ते काढून पुराला वाट मोकळी: रचना ठरलेली आणि पारखलेली आहे.

घर बांधताना इथे पहिला प्रश्न असतो, 'लेबर रेटनं की मटेरियलसकट?' मटेरियलसकट ठेक्याला अनेक जण डिझाईन-बिल्ड समजतात. तो गैरसमज महागात पडतो. सिमेंट, सळी, वाळू ठेकेदाराने आणली म्हणून कॉलमच्या मापाची जबाबदारी त्याच्यावर जात नाही. त्यासाठी करारात तसे लिहिलेले लागते.

डिझाईन-बिल्डचे नेमके रूप कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी पाहावे. कारखान्याची प्री-इंजिनिअर्ड शेड पुरवणारी कंपनीच सांगाड्याचे डिझाईन करते, भाग कारखान्यात तयार करते आणि जागेवर उभारते. पाया मात्र बऱ्याचदा वेगळ्या सिव्हिल ठेकेदाराकडे असतो. कंपनी प्रत्येक कॉलमखाली किती भार येईल ते कळवते, ठेकेदार त्यानुसार फुटिंग (कॉलमखालचा पाया) ओततो आणि कॉलम जखडणारे अँकर बोल्ट बसवतो. बोल्ट थोडे जरी सरकले, तरी कॉलमच्या तळाची बेसप्लेट बसत नाही आणि 'चूक कोणाची' हा जुना वाद परत येतो. एकच जबाबदारी हवी असेल, तर पायाही त्याच करारात घालावा.

मालकाची कसोटी नकाशांपूर्वीच लागते. त्याने लिहून दिलेले गरजपत्र हाच कराराचा पाया असतो. फाउंड्रीच्या शेडमध्ये क्रेन किती टनांची, पुढे ती वाढवायची आहे का, भट्टीचा धूर कुठून काढायचा, हे त्यात हवे. ५ टनांच्या क्रेनसाठी बांधलेल्या सांगाड्यावर १० टनांची क्रेन आयत्या वेळी चढवता येत नाही. पंचगंगेच्या काठच्या गावांत जोत्याची पातळी ही सर्वांत महत्त्वाची ओळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पुराच्या पाण्याने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पाडला होता. कोणता पूर धरून जोते घ्यायचे हे गरजपत्रात नसेल, तर ठोक रकमेत काम घेतलेला ठेकेदार स्वस्त पडेल ती पातळी धरण्याचा धोका राहतो.

ठोक रक्कम ठरल्यावर काटकसरीचा फायदा ठेकेदाराचा असतो, म्हणून त्याच्या डिझाईनची तपासणी त्रयस्थ इंजिनिअरकडून करून घ्यावी. या 'प्रूफ चेकिंग'चे पैसे मालकाने स्वतः द्यावेत, आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी.